काचपात्रांतील त्वचा आणि कोडाचें कोडें



कोडानें कोणी मरत नाहीं, तें एकापासून दुसऱ्यास लागतही नाहीं. तरी त्यानें आपल्या घरांतून जें दुःख पसरविलें, त्याचें बरेंचसें मूळ ‘श्वेतकुष्ठ’ ह्या नांवांत आहे. ह्या नांवानें लोकांनीं त्याची गांठ कुष्ठरोगाशीं घातली आणि कित्येक मुलींचे विवाह अडले. वस्तुतः कुष्ठरोगास जंतु कारण. कोडांत त्वचेस रंग देणाऱ्या पेशी तेवढ्या नाहींशा होतात. त्या कां जातात, ह्या शोधाची ही हकीकत.

१९१७ सालीं ब्रूनो ब्लॉख ह्यांनीं डोपा नांवाच्या द्रव्यानें त्वचेच्या पातळ कापांतील रंगपेशी काळ्या करून दाखविल्या. पेशी आहे कीं नाहीं, हें त्यावरून कळे. ती कशानें गेली, हें कळत नसे. त्यासाठीं जिवंत त्वचाच डोळ्यांपुढें हवी होती. आणि रुग्णाच्या अंगावर असे प्रयोग कसे करावे?

मार्ग १९७५ सालीं उघडला. अमेरिकेंत राइनवाल्ड व ग्रीन ह्यांनीं मानवी बाह्यत्वचेच्या पेशी काचपात्रांत वाढविण्याची रीत काढली. १९८२ सालीं आयझिंगर व मार्को ह्यांनीं रंगपेशीही तशाच वाढविल्या. पुढें दोहोंचा मेळ घालून, खालून पोषक द्रव व वरून हवा अशा योजनेनें, थराथरांची सावळी त्वचा पात्रांत तयार होऊं लागली. औषधानें रंग वाढतो कीं पेशी मरतात, हें तीवर पाहतां येऊं लागलें.

परंतु तींत रक्तांतील रक्षक पेशी नव्हत्या. २००९ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं रुग्णाच्या डागाच्या कडेवरील रक्षक पेशी त्याच्याच निरोगी त्वचेच्या तुकड्यासह पात्रांत ठेवल्या. त्या आंत शिरल्या आणि त्यांनीं रंगपेशी मारल्या. घरचा पहारेकरीच घरच्यांवर उठला होता! २०१५ सालीं पात्रांतील त्वचेनें आणखी एक गोष्ट दाखविली: रंगपेशीस जागेवर धरून ठेवणारें ई-कॅडहेरिन नांवाचें प्रथिन उणें असल्यास, ताण पडतांच ती सुटून येते.

रक्षक पेशींच्या त्या हल्ल्याचा संदेश अडविणारें रुक्सोलिटिनिब हें मलम २०२२ सालीं अमेरिकेंत कोडासाठीं मान्य झालें. पात्रांतील त्वचा म्हणजे सबंध माणूस नव्हे. तेथें उतरलेल्या औषधाची खरी कसोटी रुग्णांवरच लागते. पण कोडाचा दोष ना कुळाच्या पापाचा, ना स्पर्शाचा, एवढें आज निश्चित झालें आहे. उपचार वैद्यांनीं करावा. तें जुनें नांव टाकणें मात्र आपल्याच हातीं आहे.