मामा तलावांची गोष्ट

पुण्यात ‘मामा’ म्हटलं की सिग्नलजवळ झाडाआड उभे असलेले आठवतात. आमच्या गोंदियाकडे मामा म्हणजे तलाव. खरं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. सरकारी कागदांवर त्याचं मा. मा. झालं, आणि लोकांनी त्याचा सरळ मामा करून टाकला :)

हे आज लिहायचं कारण म्हणजे नदी. मार्च २०२२ मध्ये मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून आमच्या मित्रमंडळात चहाबरोबर हा वाद ठरलेला. एक गट म्हणतो निदान काहीतरी होतंय, दुसरा म्हणतो नदीचा कालवा होतोय. मी मध्येच गोंदियाचे तलाव काढतो आणि सगळे माझ्याकडे ‘ह्याचं काय मध्येच’ असं बघतात. तेव्हा म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच काढावं.

गोंदिया शहराला नदी नाही असं नाही. पांगोली आहे, शहराच्या कडेने जाते आणि पुढे बाघ नदीला मिळते. तिची अवस्था शहरातल्या कुठल्याही नदीसारखीच. पण पाणी मरतं कसं आणि परत जिवंत होतं कसं, हे आमच्या जिल्ह्यात बघायचं असेल तर दक्षिणेकडे, अर्जुनी मोरगावच्या बाजूला जायला हवं.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीपासून हा सगळा टापू तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत येऊन जाणारा. पीक भाताचं, त्यात पूर्वी उसाचीही हौस. मग पाणी अडवण्याशिवाय इलाज नव्हता. हे काम केलं मुख्यतः कोहळी समाजाने. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीहून आणलं अशी कथा आहे. रसेलने १९१६ च्या आपल्या जातीजमातींच्या ग्रंथात कोहळ्यांचं तलाव बांधण्याचं कसब नोंदवलं आहे. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. पुढे त्या कोलू पाटलांचा कोलासुर देव झाला! इंजिनिअरचा देव होणं ही गोष्ट मला भलतीच आवडते. (टोपल्या उचलणाऱ्यांचं नाव मात्र कथेत कुठेच नाही. ते नेहमीचंच.)

डिझाईन बघा. दोन टेकड्यांमधली सखल जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, एका बाजूला जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा ठेवायचा. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या. शेतात भातासाठी छोट्या बोड्या वेगळ्याच. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून शेतात टाकायचा, म्हणजे तलाव खोल आणि शेत सुपीक. एका दगडात दोन पक्षी.

पण मला खरी गंमत वाटते ती माणसांच्या जोडणीची. पाळ फुटली तर मालगुजाराचं नुकसान, कारण त्याचा वसूल शेतावर अवलंबून. गाळ साचला तर शेतकऱ्याचं नुकसान, कारण पाणी कमी मिळणार. आणि मासे गेले तर ढिवराच्या घरातली चूल बंद. ढिवर ही इथली मासेमारी करणारी जमात. शेत नाही, पाणी हेच शेत. म्हणजे तलावाच्या प्रत्येक भागाला कोणी ना कोणी असा होता, ज्याचं पोट त्यावर होतं. मालगुजारी काही रामराज्य नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो. वेठबिगारी आणि जुलूम यांच्या कहाण्या कमी नाहीत, आणि ती व्यवस्था गेली ते उत्तमच झालं.

गेली कशी, तर तेव्हाच्या मध्य प्रदेशाने १९५० साली कायदा करून मालगुजारांचे हक्क रद्द केले आणि ३१ मार्च १९५१ पासून ते अमलात आलं. जमिनीबरोबर तलावही सरकारजमा. १९५६ मध्ये आमचा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे दहा वर्षांत तीन राज्यं! आमच्या धंद्यातल्या लोकांना हे चित्र लगेच कळेल. जुनी सिस्टम, लिहिणारा निघून गेलेला, डॉक्युमेंटेशन शून्य, आणि मेंटेनन्स अशा टीमकडे दिलेला जिने ती कधी वापरलेलीच नाही. हक्क हस्तांतरित झाले, कामं हस्तांतरित झालीच नाहीत. पाळीवर उगवलेलं झुडूप कोणी उपटायचं? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आता त्याला अर्ज लागतो.

त्यात १९७० च्या सुमारास इटियाडोह धरण झालं, कालवे आले. मोठ्या पाण्यापुढे छोटं पाणी कोणाला दिसणार? पूर्व विदर्भात असे ६,८०० च्या वर मामा तलाव मोजले आहेत. त्यातले कितीतरी गाळाने उथळ झाले, काठावर अतिक्रमण झालं, आणि उथळ भागात बेशरम माजली. जांभळट फुलांची ती झुडपं तुम्ही हायवेच्या कडेला पाहिली असतील. नाव अगदी सार्थ, कुठेही तोडा, परत उगवते.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. दुरुस्तीच्या योजना आल्या, २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आलं. कल्पना जुनीच आणि चांगली. पण अशा कामात मोजलं काय जातं, तर किती घनमीटर गाळ निघाला. जेसीबीने तलाव सरसकट खरवडला की तो खोल होतो, हे खरं. पण मग काठाचा उतार जातो, पाणवनस्पती रुजायला जागा उरत नाही, आणि तुमच्याकडे उरतो एक मोठा हौद.

इथे या गोष्टीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग येतो. अर्जुनी मोरगावला मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ बरीच वर्षं काम करत आहे. त्यांनी सुरुवात यंत्राने केली नाही, ढिवरांना विचारण्याने केली. मासे का कमी झाले? म्हाताऱ्या माणसांना उत्तर ठाऊक होतं. पाण्याखालच्या वनस्पती गेल्या, म्हणून मासे गेले. गावठी मासा त्या वनस्पतींत अंडी घालतो, पिल्लं तिथेच लपतात, तिथेच खातात. उत्पन्न वाढावं म्हणून तलावांत रोहू, कटला आणि ग्रास कार्प यांचं बीज सोडलं गेलं. त्यातला ग्रास कार्प तर वनस्पतीच फस्त करतो. मोठे मासे थोडी वर्षं मिळाले, पण मरळसारखे गावठी मासे मागे पडले. कार्पचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं, मरळ आपली आपण वाढते. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

मग काम काय केलं? उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढली, तलावाचा कोरडा तळ शेतासारखा नांगरला, आणि पाणी भरल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती हाताने लावल्या. भाताची रोवणी करतात तशीच. या कामात ढिवर बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. ज्या समाजात जाळं पुरुषाच्या हातात आणि टोपली बाईच्या डोक्यावर, तिथे तलावाचं काय करायचं हे बायकांनी ठरवणं ही छोटी गोष्ट नाही. पुढे मासे वाढले, पाणपक्षीही परतले.

२००५ मध्ये सोल शहराने उड्डाणपूल पाडून चोंग्येचोन हा जवळपास सहा किलोमीटरचा ओढा उघडा केला, हे उदाहरण आपल्याकडे प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं. दिसायला सुरेखच आहे तो. पण त्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात. पंप बंद केला की ओढा जवळपास संपला. काठावरच्या दुकानांचं भाडं वाढलं, आणि ज्यांचं पोट त्या रस्त्यावर होतं असे कितीतरी फेरीवाले हलवले गेले.

म्हणून आमच्या वादात मी तलाव काढतो. मुठेच्या काठावर किती मीटर भिंत आणि किती बाकडी, हे नकाशावर दिसतं. नदीतला मासा कोणाच्या ताटात जाणार, हे मला त्या नकाशावर अजून सापडलेलं नाही. मित्र म्हणतात, पुण्यात कोण खातं मुठेतला मासा? बरोबर आहे. पण निदान एवढा प्रश्न तरी विचारता येतो: काठावरच्या कुठल्या वस्तीचं नदी घाण झाल्याने नुकसान होतं, आणि त्या वस्तीला या प्रकल्पात बोलायला जागा आहे का?

अर्जुनीकडेही सगळं आलबेल नाही बरं का. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठराविक वर्षांच्या ठेक्याने मिळतात. वनस्पती रुजून गावठी मासे पुरते परतायला काही वर्षं जातात, आणि तोवर ठेक्याची मुदत संपत आलेली असते. पुढचा ठेका कोणाकडे जाईल याची खात्री नसताना ढिवर बायका परत पाण्यात उतरतात.