फूल की दोन पानं

निवडणुकीच्या दिवसांत बुधवार पेठेत माझ्या खोलीखालून प्रचाराच्या रिक्षा जातात. प्रत्येक रिक्षा कुणाचं तरी नाव घेते. एखाद्या प्रश्नावर थेट मत मला आजवर कुणी मागितलेलं नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला मागितलं होतं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं.

पुण्यातून बघितलं तर वाटतं, मराठी वाचणारा फुलावरच शिक्का मारणार. पण मडगावचं 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक सांगत होतं, दोन पानं! उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे. विलीन झालो तर गोवा एक कोपऱ्यातला जिल्हा होईल, कोकणीचं काय, ही त्या बाजूची भीती. ती मराठीतच मांडली, कारण पटवायचं होतं मराठी वाचणाऱ्यांनाच. मला हे फार आवडतं.

यात पुरोगामी बाजू कुठली, हे मात्र पटकन सांगता येत नाही. भाटकारांची जमीन कसणाऱ्या अनेक बहुजनांना विलीनीकरणात सुटका दिसत होती. दयानंद बांदोडकर त्यांचेच नेते.

निकाल लागला: दोन पानं १,७२,१९१, फूल १,३८,१७०.

मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणाऱ्या बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या. कोडमध्ये असं दिसलं असतं तर मी बग म्हटलं असतं. पण प्रश्न दोन होते: राज्य कुठलं, आणि ते चालवायचं कुणी. कुळांचा दुसरा प्रश्न अजून शिल्लक होता.