शेवट नावातच आहे

दासगावला उतरताना वहाणा हातात घ्या. ओहोटी लागली आहे आणि मचव्यापासून काठापर्यंत सावित्रीचा गाळ घोट्याच्या वर येतो. साल 1905. दिवाळी उलटली आहे. मुंबईहून निघालेली आगबोट तुम्हाला बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी सोडून दक्षिणेला गेली आणि तिथून तुम्ही भरतीच्या पाठीवर बसून आत आलात. महाड अजून पाच मैल आहे. गाडीवान बैल जुंपतो आहे. गाडीत तुमच्याआधी एक जण चढून बसलेला आहे. महाडच्या कुणा वकिलाचा कारकून असावा. त्याची ट्रंक पायाशी आहे, पण पंच्यात गुंडाळलेलं एक गाठोडं मात्र त्यानं मांडीवरून खाली ठेवलेलं नाही.

तुम्ही विचारायची वाटच बघत असल्यासारखा तो सांगतो, "हरिभाऊंचं आहे. आठ दिवसांत परत धाडायचंय."

हरिभाऊ म्हणजे हरी नारायण आपटे. पुण्याचे. 1890पासून 'करमणूक' नावाचं साप्ताहिक चालवतात आणि त्यात आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापतात. पंच्यातली कादंबरी आहे 'गड आला पण सिंह गेला', तानाजी मालुसऱ्यांवरची. प्रत कारकुनाची नाही. गिरगावातल्या चाळीत त्याच्या मामाच्या शेजाऱ्याची आहे, आणि त्या शेजाऱ्यालाही ती दुसऱ्या कुणाकडून मिळाली आहे. मूळ मालक कोण, हे कारकुनाला ठाऊक नाही. त्याला फक्त एवढंच ठाऊक आहे की आठ दिवसांनी मुंबईत कुणीतरी तिची वाट बघणार आहे.

रात्री वाड्यावर थांबा. ओसरीवर कंदील टांगलेला आहे. कारकून मोठ्यानं वाचतो, कारण एकट्यानं मनात वाचून संपवणं हे आठ दिवसांच्या पुस्तकाला परवडत नाही. या वर्षांत देशात शंभर पुरुषांमागे जेमतेम दहांना अक्षर येतं आणि हजार बायकांमागे सहांना. त्यामुळे एक प्रत म्हणजे एक वाचणारा आणि बाकी सगळे कान. माजघराच्या दाराआड बांगड्या थांबल्या आहेत. अंगणात दोन कुळं उकिडवी बसली आहेत. उदयभानू सती निघालेल्या कमळकुमारीला अडवतो, तेव्हा दाराआडून एक हुंकार येतो आणि वाचणारा क्षणभर थांबून पान उलटतो.

आता कुंपणाकडे बघा. गावकीचा निरोप घेऊन आलेला एक माणूस अंधारात उभा आहे. त्याला आत यायची मुभा नाही आणि कुणी त्याला जायलाही सांगितलेलं नाही. तो ऐकतो आहे. तानाजी त्यालाही माहीत आहे, कदाचित ओसरीवरच्यांपेक्षा जास्त. पण हे पुस्तक मुंबईपासून इथपर्यंत पाच-सहा अनोळखी हातांतून आलं असलं, तरी कुंपणाजवळच्या या हातात ते पडणार नाही. गोष्ट ऐकण्यावर बंदी नाही, पुस्तकाला हात लावण्यावर आहे.

बावीस वर्षं पुढे या. गाव तेच. 20 मार्च 1927, ऊन चढलेलं. तुम्ही चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभे आहात. कालपासून गावात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आहे. परिषदेसाठी पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं आहे, कारण गावातलं पाणी आलेल्या माणसांसाठी नव्हतं. आता मंडपातून निघालेली रांग तुमच्या दिशेनं येते आहे. पुढे डॉ. आंबेडकर. ते पायऱ्या उतरतात, वाकतात आणि ओंजळ भरतात. मग मागचे उतरतात, मग त्यांच्या मागचे. तुमच्या शेजारून एक म्हातारा पाणी पितो, तोंडावरून हात फिरवतो आणि बाजूला होऊन मागच्याला जागा करून देतो.

कागदावर हे पाणी आधीच सगळ्यांचं होतं. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळानं 1923च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनं 1924च्या जानेवारीत तळं खुलं केल्याचा ठरावही लिहून ठेवला होता. प्रत्यक्ष ओंजळ भरायला आणखी तीन वर्षं लागली. दुपारी गावात अफवा उठते की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग परतीच्या वाटेवरच्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडतात. तुम्ही त्या गल्लीत असाल तर डोकं वाचवा. पुढच्या दिवसांत तळं 'शुद्ध' करायला पंचगव्याच्या 108 घागरी ओतल्या जातील. 25 डिसेंबरला याच गावात मनुस्मृती जळेल. आणि तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात निकाली निघायला 17 मार्च 1937 उजाडेल.

बोल्यांच्या ठरावाची यादी एकदा नीट वाचा. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने. वाचनालय त्यात नाही. चूक कुणाची म्हणावी? पाण्यासाठीच ज्यांना ठराव, मोर्चा, मार आणि दहा वर्षांची कोर्टबाजी लागली, त्यांच्यासाठी कादंबरी मागायला कोण जाणार होतं? वाचलेलं पुस्तक दुसऱ्याला देणं हा आपल्याला हातचा मळ वाटतो. महाडात त्याच्याआधी हात हाताला लागण्यासाठी लढावं लागलं.

आता मोठी उडी. मे 1973, रात्रीची एसटी, मुंबई सेंट्रलहून सुटलेली. लग्नसराई आहे, त्यामुळे टपावर ट्रंका, पिंपं आणि कुणाचं तरी नवं कपाट बांधलेलं आहे. पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव. तुम्ही मागच्या चाकावरच्या सीटवर आहात, म्हणजे झोप विसरा. शेजारी लालबागच्या गिरणीतला चाकरमानी बसला आहे, बिरवाडीकडचा. मुंबईत तो गाववाल्यांच्या खोलीत राहतो. तिथे पाळीप्रमाणे माणसं झोपतात आणि पाळीप्रमाणेच पुस्तकही फिरतं. रात्रपाळीहून आलेला दिवसा वाचतो, दिवसपाळीहून आलेला कंदिलाच्या नाही तर पिवळ्या बल्बाच्या उजेडात.

त्याच्या हातातली प्रत बघा. मूळ वेष्टन गेलेलं आहे. जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून त्याचं कव्हर घातलं आहे, म्हणून गणपतीचे पाय आतल्या बाजूनं दिसतात. आपटे 1919 साली वारले. पन्नास वर्षांची मुदत सरून 1970पासून त्यांच्या कादंबऱ्या हक्कांतून मोकळ्या झाल्या, त्यामुळे त्या कुणीही छापू शकतो आणि खिशाला परवडतील अशा प्रती निघू शकतात. पहिल्या कोऱ्या पानावर शाईनं, पेन्सिलीनं, एका जागी तर कोळशानं लिहिलेली नावं आहेत. माणसांची कमी, गावांची जास्त. वरंध. नाते. कापडे. लालबाग, खोली नं. 14. परत वरंध.

"शेवटची दहा-बारा पानं न्हाईत," तो सांगतो.

"मग?"

"मग काय! शेवट नावातच हाय की."

शेजारच्या सीटवरचे दोघं हसतात. एकजण म्हणतो की त्याच्या बापानं प्रभातचा 'सिंहगड' थिएटरात बघितला होता आणि ती गोष्ट तो वर्षभर सांगत असे. 1933चा, शांतारामांचा, याच कादंबरीवरून काढलेला. बापाला वाचता येत नव्हतं. पुढचा म्हणतो, सिनेमात तर घोरपड मस्त दाखवली होती. पुढच्याचं वय बघता त्यानं तो सिनेमा बघितलेला असणं कठीण, पण कुणी त्याला अडवत नाही. कंडक्टर पुढून ओरडतो, "बत्ती बंद करू का?" आणि चार जण एकदम "नको" म्हणतात.

महाडच्या स्टँडवर पहाट झालेली नाही. चाकरमानी उठतो, ट्रंक उतरवायला टपाकडे बघतो आणि पुस्तक तुमच्या हातात देतो.

"पोलादपूरपर्यंत वाचा. मग कुनाला तरी द्या. परत माझ्याकडं येऊ नये म्हंजे झालं."

त्याला तुमचं नाव माहीत नाही. विचारतही नाही. 1905च्या कारकुनाला पुस्तक आठ दिवसांत परत जायची चिंता होती. याला ते परत येईल याची आहे.

पोलादपूरला उतरा. उजाडतंय. चहाची गाडी लागायची आहे. याच गावात कवींद्र परमानंदाची समाधी आहे. शिवरायांवर संस्कृतात 'शिवभारत' लिहिणारा हा कवी. त्याच्या काव्याची पोथी कित्येक पिढ्या तंजावरच्या ग्रंथसंग्रहात पडून होती. ते छापलं गेलं तेव्हा साल होतं 1927, म्हणजे महाडच्या ओंजळीचंच साल. अडीचशे वर्षं जे कुणी पुढे दिलं नाही, ते त्याची समाधी असलेल्या गावातही पोचलं नव्हतं. तुमच्या हातातली कादंबरी त्या मानानं नशीबवान. फाटली, पण पोचली.

अजून एक टप्पा राहिलाय. रस्ता सोडून डोंगराकडे वळा. भाताची खाचरं कोरडी, भेगाळलेली आहेत, पाऊस महिन्याभरावर आलाय. हे उमरठ. तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची समाधी इथे आहे, शेलारमामांचीही. 4 फेब्रुवारी 1670च्या रात्री कोंढाण्यावर जे झालं, ते पुस्तकात वाचून कळायची या गावाला कधी गरज पडली नाही. म्हणून ज्याच्यावर ती कादंबरी आहे त्याच्या गावात ती सत्तर वर्षांनी येते आहे, आणि तीही शेवटची पानं गमावून.

पडवीत सातवीतली एक मुलगी आहे. तुम्ही पुस्तक तिच्या हातात देता. ती कॅलेंडरचं कव्हर उघडून आधी गणपती बघते आणि मग मोठ्यानं वाचायला लागते, शाळेत वाचतात तसं, प्रत्येक विरामचिन्हावर थांबत. आजी चुलीपाशी आहे. बराच वेळ ती काही बोलत नाही. मग एकदम:

"ही कोन बाई?"

"कमळकुमारी, आजी."

"आमच्या गोष्टीत न्हाय ही."

"पुस्तकात आहे."

"पुस्तक लिवनारा हितं आलावता?"

मुलगी तुमच्याकडे बघते. तुम्ही सांगता की ते पुण्याचे होते.

"मंग," म्हणते आजी, जणू सगळं स्पष्ट झालं. ती लाकूड आत सारते आणि आपली गोष्ट सांगायला लागते. तिच्यात रायबाच्या लग्नाचा मांडव कुठे होता याचं बोट दाखवून उत्तर आहे, आणि कोण कुणाचा मामा हे तीन पिढ्या खाली उतरून सांगितलेलं आहे. मुलगी मध्येच म्हणते, "थांब, आधी हे पान संपू दे," आणि आजी म्हणते, "पान कुठं पळतंय?" दोघींचं भांडण चुलीवरचं पाणी उकळेपर्यंत चालतं. हरलं कुणीच नाही.

1905च्या ओसरीवर असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दाराआडच्या बाईनं हुंकार दिला. कुंपणाजवळच्या माणसानं तर तेवढंही केलं नाही. त्यांनी कादंबरी ऐकली, पण तिला उत्तर द्यायची त्यांची जागा नव्हती. पुस्तक हातोहात फिरतं तेव्हा फक्त गोष्ट पुढे जात नाही. "हे असं नव्हतं" म्हणायचा हक्कही तिच्याबरोबर जातो, आणि तो हातात पुस्तक आल्याशिवाय मिळत नाही. कमळकुमारी कादंबरीत हवीच, ती आपट्यांची. नको म्हणणारी आजीही हवी, आणि आजी तिथपर्यंत पोचायला सत्तर वर्षं, एक तळं आणि एक एसटी लागली.

निघायच्या आधी बघा, मुलीनं कंपासमधून पेन्सिल काढली आहे. कमळकुमारीच्या पानाच्या समासात ती वळणदार अक्षरात लिहिते: आजी म्हणते, ही बाई नव्हती.

परत या. वाटेत एकच थांबा, 22 जुलै 2021चा. सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या आहेत, महाडच्या बाजारपेठेत पाणी घरात शिरलं आहे, आणि याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळणार आहे. माणसं जगवायची वेळ आहे, पुस्तकांची नाही. आठवड्यानं रस्त्यावर काढून टाकलेल्या गाळात तुम्हाला पुस्तकांचे लगदे दिसतील: अभ्यासाची, पोथ्या, बक्षिसात मिळालेली, काचेच्या कपाटात जपून ठेवलेली. ज्या प्रती कुणी नेल्या आणि परत आणल्याच नाहीत, त्या मात्र कुठल्यातरी दुसऱ्या गावात कोरड्या आहेत. पुस्तक नेऊन बुडवणाऱ्यांवर आपण जन्मभर चिडतो. त्या पावसात वाचलेली पुस्तकं त्यांनीच वाचवली.

आता तुम्ही आजच्या तारखेत आहात. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या पलीकडे गेलात, तर 2017पासून भिलार हे पुस्तकांचं गाव आहे. तिथे अनोळखी घरात शिरून, ओसरीवर बसून वाचता येतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या एका वाचकगटाकडून दुसऱ्याकडे जात देशाबाहेरही पोचल्या आहेत. सोयी आहेत. पण सोयींची वाट बघू नका. घरात एखादी कादंबरी असेल जी तुम्ही दोनदा वाचली आहे आणि तिसऱ्यांदा वाचणार नाही. पहिल्या पानावर गावाचं नाव लिहा. जे पटलं नाही ते समासात लिहा, पेन्सिलीनं, म्हणजे पुढच्याला खोडता येईल. आणि ज्याला तुमचं नाव माहीत नाही, अशा माणसाच्या हातात द्या.