छताचा पंखा, दिवा आणि मावळचे पाणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दिव्यासह छताला टांगलेला पंखा ही आज घरातील सामान्य वस्तू मानली जाते. मात्र मावळ तालुक्यातील, लोणावळ्यालगतच्या कुसगावसारख्या गावात या वस्तूला विशेष ऐतिहासिक संदर्भ आहे. वीजनिर्मितीसाठी ज्या परिसराने पाणी पुरविले, त्या परिसरास घरगुती वीज ओघानेच मिळाली काय, या प्रश्नाचा प्रस्तुत निबंधात विचार केला आहे.

पंख्याचा उगम :
विजेपूर्वी इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत व कचेऱ्यांत छताला टांगलेला कापडी पंखा नोकर दोरीने ओढत असे. वारा एकास आणि श्रम दुसऱ्यास, अशी ही व्यवस्था होती. १८८० च्या दशकात अमेरिकेत फिलिप डील यांनी शिवणयंत्राची विद्युत मोटर छताच्या पंख्यास जोडली व पुढे त्यास दिवेही बसविले.

मावळचे पाणी :
१९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरोता येथे अडविलेले पाणी सुमारे १,७०० फूट खाली, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले. १९१५ पासून तेथील वीज मुंबईच्या कापडगिरण्यांस मिळू लागली. म्हणजेच मावळच्या पाण्याची वीज घाटाखाली होत असे आणि ती पुढे मुंबईकडे जात असे. उच्चदाब वाहिनीवरून घरास थेट जोडणी देता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र, रोहित्र व लघुदाब वाहिन्या उभाराव्या लागतात. विखुरलेल्या वस्त्यांसाठी हा खर्च व्यापारी दृष्ट्या किफायतशीर नव्हता. शेजारच्या मुळशी खोऱ्यात तर धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला.

घरापर्यंतचा प्रवास :
१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ व १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाल्यानंतर खेड्यांच्या विद्युतीकरणास व्यापक सार्वजनिक पाठबळ लाभले. २००५ मध्ये मंडळाच्या विभाजनानंतर वितरणाचे काम महावितरणकडे आले.

पंख्यासाठी घराची रचनाही अनुकूल असावी लागते. कौलारू घरात फिरत्या पंख्याचा भार मजबूत तुळईवर द्यावा लागतो. सिमेंटच्या छतात स्लॅब ओतण्यापूर्वीच लोखंडी हुक सळयांत अडकवून ठेवतात. पंखा व दिवा स्वतंत्रपणे चालू-बंद करावयाचे असल्यास दोन बटणांकडून दोन फेज तारा, एक सामाईक न्यूट्रल व अर्थिंग आणावे लागते. ही पूर्वतयारी नसल्यास नंतर भिंती फोडाव्या लागतात.

निष्कर्ष :
वीजनिर्मितीच्या स्रोताशी असलेले सान्निध्य म्हणजे विजेवरील हक्क नव्हे, असे या परिसराच्या इतिहासावरून दिसते. पाणी १९१५ मध्येच मुंबईच्या कामी आले. ग्रामीण घरास मात्र सार्वजनिक वितरणव्यवस्थेची वाट पाहावी लागली. म्हणून विद्युतीकरणाचा इतिहास धरणे व वीजगृहे यांपुरता न ठेवता घराच्या छतापर्यंत अभ्यासला जाणे आवश्यक आहे.