व्हेर्चेलीचं भात

मिलानहून ट्युरिनकडे जाणारी गाडी नोव्हारा सोडून पुढं निघाली आणि खिडकीबाहेर सगळं पाणीच झालं. मे महिन्याचा पहिला आठवडा, आभाळ स्वच्छ, पावसाचा टिपूस नाही, आणि तरी नजर पोचेल तिथवर बांध घातलेली खाचरं काठोकाठ भरलेली. उत्तरेला मोंते रोझाचा बर्फ, तोच बर्फ खाली खाचरात उलटा. या दिवसांतल्या आपल्या शिवाराला इथले लोक ‘चौकड्यांचा समुद्र’ म्हणतात. मी मुळशी खोऱ्यात वाढले. भरलेलं खाचर म्हटलं की मला आषाढ आठवतो, इरलं आठवतं, इरल्याखाली ओणवी झालेली आई आठवते. लख्ख उन्हात भरलेलं खाचर मी पहिल्यांदाच पाहत होते.

भाची मिलानला नोकरी करते. तिनं फ्लोरेन्स सुचवलं, व्हेनिस सुचवलं. मी व्हेर्चेलीच धरून बसले, त्याला कारण आईचा एक प्रश्न. कॉलेजात असताना पुण्यात एका फिल्म सोसायटीत मी ज्युझेप्पे दे सान्तिसचा ‘रिझो आमारो’ पाहिला, १९४९ सालचा. रिझो म्हणजे तांदूळ आणि रिझो म्हणजे हसूही, त्यामुळं नाव ‘कडू तांदूळ’ही होतं आणि ‘कडू हसू’ही. याच व्हेर्चेलीच्या शिवारात त्याचं चित्रण झालं. पाण्यात रांगेनं ओणव्या झालेल्या बाया, डोक्यावर काडाच्या रुंद टोप्या, हात चाललेत आणि तोंडानं गाणं चाललंय. सुट्टीत घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली न ठेवता तिनं विचारलं, “त्यांना कितीला सोडायचे?” मला सांगता आलं नाही. आई गेली, प्रश्न माझ्याकडं राहिला.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच सान्त आन्द्रेआचं चर्च उभं आहे. विटांचे उंच मनोरे, दर्शनी भागात हिरवट दगड. १२१९ ते १२२७ एवढ्या थोड्या वर्षांत ते बांधून झालं. बांधवणारा कार्डिनल ग्वाला बिक्येरी याच गावचा. तो पोपचा प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला गेला, तिथल्या अज्ञान राजाचा, तिसऱ्या हेन्रीचा, पालक झाला, आणि केंब्रिजजवळच्या एका चर्चचं उत्पन्न त्याच्या या मठाला मिळालं. चर्च सुंदर आहे. पण मी तिथं फार वेळ थांबले नाही. या शहराचा माझा इतिहास भिंतींबाहेर होता, पाण्यात.

पो नदीच्या खोऱ्यात भात आलं ते पंधराव्या शतकात. १४७५ साली मिलानच्या ड्यूकनं फेर्राराच्या ड्यूकला बियाण्यासाठी भात देऊ केल्याचं पत्र आहे. व्हेर्चेलीजवळ लुचेदिओ इथं ११२३ साली सिस्टर्शियन साधूंनी मठ स्थापला होता आणि आसपासची दलदल उपसून जमीन कसायला घेतली होती. या भागातल्या भाताची सुरुवात त्याच मठाच्या जमिनींवर झाली असं मानतात. मठाचा मनोरा अजून आहे, भोवती खाचरंच आहेत.

हा प्रदेश विषुववृत्तापासून ४५ अंश उत्तरेला. एवढ्या वर, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी भात पिकतं कसं, हे मला समजून घ्यायचं होतं. एका शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून ते सांगितलं. एप्रिल-मेमध्ये पेरणी होते तेव्हा रात्री थंड असतात. खाचरातलं पाणी दिवसभर ऊन पितं आणि रात्री ती ऊब सोडतं, म्हणून कोवळा कोंब गारठत नाही. पाणी इथं पिकाचं पांघरूण आहे. आमच्याकडं पाऊस पडला की खाचर भरतं. इथं ते पाटानं आणून भरावं लागतं, आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरवताना वितावितानं मोजावं लागतं.

त्या पाण्याची गोष्ट म्हणजे कावूरची गोष्ट. मराठी वाचकाला इटलीच्या एकीकरणातला मॅझिनी चांगला माहीत आहे. सावरकरांनी तो १९०७ साली मराठीत आणला. त्याच एकीकरणाचा मुत्सद्दी कामिल्लो कावूर हा मंत्री होण्याआधी भात पिकवणारा शेतकरी होता, हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. व्हेर्चेलीच्या पश्चिमेला लेरी नावाच्या वस्तीवर त्याच्या घराण्याची जमीन होती आणि १८३५ पासून तिचा कारभार तो पाहू लागला. १८५३ साली त्याच्याच पुढाकारानं सेझिया नदीच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी पाणी वाटून घेण्यासाठी आपला संघ काढला. पो नदीचं पाणी पूर्वेकडं आणणारा मोठा कालवा व्हावा हा विचार मुळात फ्रांचेस्को रोस्सी या व्हेर्चेलीच्या जमीनमोजणीदाराचा. जमीन कुठून कुठं उतरते हे तो वर्षानुवर्षं पायी फिरून पाहत होता. कार्लो नोए या अभियंत्यानं त्याचा आराखडा केला. काम १८६३ ला सुरू झालं आणि १८६६ ला संपलं. ८० किलोमीटरांहून लांब कालवा, कुदळ-फावडं आणि घमेल्यावर, तीन वर्षांत. वाटेत दोरा बाल्तेआ नदी आडवी आली तिथं कालवा पुलावरून नेला. सेझिया आडवी आली तिथं नदीच्या पोटाखालून काढला. मी त्या जागी गेले होते. कालवा एका काठाला जमिनीत शिरतो आणि पलीकडच्या काठाला वर येतो. मला ते चर्चपेक्षा मोठं वाटलं.

कावूर १८६१ सालीच वारला होता. कालव्याला नाव त्याचं आहे, शहरातल्या बाजारचौकात पुतळा त्याचा आहे. मी गेले तेव्हा लेरी ओसाड पडलेली होती. कौलं खचलेली, रस्त्यात गवत, आणि मागं बंद पडलेल्या वीजकेंद्राचे दोन प्रचंड मनोरे. देश घडवणाऱ्या माणसाचं घर असं पडू द्यायला नको होतं.

बियाण्याची एक हकिगत सांगायलाच हवी. १७८७ च्या एप्रिलमध्ये थॉमस जेफरसन, तेव्हा फ्रान्समधला अमेरिकेचा वकील, या भागात आला. पॅरिसच्या बाजारात पिएमोंतेचा, म्हणजे याच प्रदेशाचा, तांदूळ अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या तांदळाला मागं टाकत होता. इथलं सडायचं यंत्र चांगलं असावं असं त्याला वाटलं होतं. येऊन पाहिलं तर यंत्र तसंच, निराळं होतं ते वाणच. आता वाण न्यायचं तर भात न्यायला हवं, आणि भात राज्याबाहेर नेणाऱ्याला देहदंड आहे असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं एका खेचरवाल्याला पैसे देऊन एक पोतं जेनोवाला पोचवायला सांगितलं, आणि ते पोचेल याचा भरवसा नसल्यानं कोटाचे खिसे भरून घेतले. आपल्या भाषेत भात आणि तांदूळ हे दोन शब्द आहेत म्हणून ही गोष्ट आपल्याला चटकन समजते. तांदूळ विकता येतो, रुजत नाही. भात रुजतं. राजाला राखायचा होता तो तूस असलेला दाणा.

शहराबाहेर एका काशीनात आम्ही जेवलो. काशीना म्हणजे या मैदानातला बंदिस्त शेतवाडा. मध्ये मोठं अंगण, चारी बाजूंनी इमारती. मालकाचं घर, गोठे, कोठारं, कुठं छोटं चर्च, आणि एका कडेला लांबच लांब खोली, जिथं हंगामी बाया झोपायच्या. आता त्या वाड्यात खानावळ आहे. चालवणाऱ्या बाईंनी मला चुलीपर्यंत येऊ दिलं, म्हणून पानिस्सा, हा इथला तांदळाचा पदार्थ, कसा होतो ते पाहता आलं. डुकराच्या चरबीवर कांदा, त्यात कुस्करलेला सालामी, मग तांदूळ टाकून परतायचा, तो कोरडा खुळखुळला की तांबडी दारू, ती आटली की घेवड्याच्या जातीच्या बियांचं उकळलेलं पाणी बियांसकट पळीपळीनं. बिया जवळच्याच सालुज्जा गावच्या. तांदूळ धुवायचा नाही. मी हात पुढं केला तशी बाईंनी टोपली मागं ओढली. दाण्यावरची पिठी पाण्यात गेली तर सगळं मिळून कसं येणार, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या नोव्हाराला यात भाज्या घालतात; व्हेर्चेलीत तसं केलेलं चालत नाही.

सालामी चरबीतून काढला तेव्हा मला वाटलं स्वयंपाकासाठी बुडवलाय. पण तो वर्षभर तसाच असतो, दूया नावाच्या मातीच्या बरणीत, वितळवून थिजवलेल्या चरबीखाली. इटलीत इतरत्र सालामी वाऱ्यावर टांगून वाळवतात. इथं चहूकडं पाणी, हवा दमट, टांगलेलं मांस खराब होतं. म्हणून बरणी. खाचरांनी तांदूळ दिला आणि मांस टिकवायची रीतही ठरवली. चव खारट, मऊ, जराशी आंबूस. खाचरातले बेडूकही इथं तळून खातात.

त्या खानावळवाल्या बाईंची आई अंगणात बसली होती. पंच्याऐंशीच्या पुढं वय. एमिलिया भागातल्या एका खेड्यातून ती पंधराव्या वर्षी आगगाडीनं इथं बेणणीला आली आणि पुढं इथंच लग्न होऊन राहिली. बेणणाऱ्या बायांना मोंदीना म्हणतात. मे अखेर ते जुलै, साधारण चाळीस दिवस, भातासारखंच दिसणारं गवत उपटायचं. काही काळ इथं लावणीही होत असे, तीही बायाच करायच्या. पाय चिखलात, डोक्यावर ऊन, अंगावर डास, पोटरीला जळवा. पैशांशिवाय दिवसाला एक किलो तांदूळ, तो शेवटी घरी न्यायचा. जेवायला रोज तांदूळ आणि बिया. “पानिस्सा?” मी विचारलं. भाचीनं तिचं उत्तर सांगितलं: सालामी मालकाच्या ताटात असायचा. मग मी तिला आमची बेणणी हातानं करून दाखवली, अंगठ्यानं मूळ दाबून मनगट वळवायचं. तिनं तिचा हात पुढं केला. वळण तेच होतं.

आईचा प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, आमच्या वेळी आठ तास झाले की बास. ते आमच्या आधीच्या बायांनी मिळवून ठेवलं होतं.

ते असं मिळालं. एकोणिसाव्या शतकात मलेरिया हवेतल्या विषानं होतो अशी समजूत होती. मालारिया या शब्दाचा अर्थच वाईट हवा. तेव्हा व्हेर्चेली नोव्हारा प्रांतात होतं. त्या प्रांतासाठी १८६९ साली नियम झाला, की खाचरातलं काम सूर्योदयानंतर तासाभरानं सुरू करावं आणि सूर्यास्ताआधी तासभर थांबवावं. कारण चुकीचं, पण नियम बरोबर होता. डासच मलेरिया नेतात हे रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत दिसलं ते १८९७ साली. नियम मात्र कागदावरच राहिला. मालक उजाडायच्या आत बाया पाण्यात उतरवत राहिले. मोदेस्तो कुन्योलिओ या व्हेर्चेलीच्या वकिलानं १९०० साली ‘ला रिझाइया’, म्हणजे ‘भातखाचर’, नावाचं वर्तमानपत्र काढलं, तो जुना नियम उकरून काढला आणि तो पाळला जावा म्हणून कोर्टात गेला. त्या वाटेनं चालत मागणी आठ तासांवर आली. १९०६ च्या मे अखेरीस, ऐन बेणणीच्या तोंडावर, बायांनी संप केला आणि त्या शहरात उतरल्या. गवत थांबत नाही, मालकांना आठवडाभरही थांबणं परवडणारं नव्हतं. जूनच्या सुरुवातीला व्हेर्चेलीत आठ तास मान्य झाले. सगळ्या काशीनांत ते लगेच पाळले गेले नाहीत, पुढं अनेक वर्षं संप करावे लागले.

१९५० नंतर तणनाशकं आली, यंत्रं आली, आणि काही वर्षांत मोंदीना खाचरांतून दिसेनाशा झाल्या. आपल्या दुकानांत आता रिसोत्तोसाठी आर्बोरिओ नावाचा तांदूळ मिळतो. आर्बोरिओ हे व्हेर्चेली प्रांतातलं एक गाव आहे. ते वाण १९४६ साली तयार झालं, बाया अजून पाण्यात उभ्या होत्या तेव्हा.

इटलीत आठ तासांचा कायदा १९२३ साली झाला. व्हेर्चेलीच्या बेणणाऱ्या बायांनी आपले आठ तास त्याआधी सतरा वर्षं घेतले होते.