‘सिल्व्हा’ : एका पोर्तुगीज आडनावाची कुळकथा

आडनावावरून कुळ ओळखण्याची सवय मराठी समाजाच्या अंगवळणी पडलेली आहे. ती किती फसवी असते याचा अनुभवही या समाजाला आहे. देशमुखी आणि कुलकर्ण हे हुद्दे होते, आणि ती आडनावे आज परस्परांशी रक्ताचा कोणताही संबंध नसलेल्या अनेक जातींत आढळतात. परंतु परभाषेतून आलेले आडनाव समोर आले की ही सावधगिरी सुटते. ‘डिसिल्व्हा’ हे नाव कानी पडताच त्यामागे एखादा पोर्तुगीज पूर्वज असला पाहिजे, असा तर्क सहजपणे केला जातो, आणि कधीकधी त्या तर्काच्या पाठीमागे परकेपणाचा संशयही येतो. वसई, गोवा आणि मंगळूर येथील बहुसंख्य डिसिल्व्हा घराण्यांच्या बाबतीत हा तर्क निराधार आहे. या आडनावाचा इतिहास मुळापासून पाहिला तर खुद्द पोर्तुगालमधील सिल्व्हांनाही तो फारसा लागू पडत नाही. हे नाव वंशविस्ताराने जेवढे पसरले त्याहून कितीतरी अधिक ते बाप्तिस्म्याच्या वह्यांतून, मुक्तिपत्रांतून आणि सरकारी नोंदींतून पसरले.

प्रथम शब्दाचा विचार करू. लॅटिन भाषेत ‘सिल्व्हा’ म्हणजे अरण्य. पोर्तुगीज भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ संकुचित होत गेला. आजच्या पोर्तुगीजमध्ये ‘सिल्व्हा’ म्हणजे बांधावर किंवा पडीक जमिनीत माजणारे, काळी आंबटगोड फळे देणारे काटेरी झुडूप. अशा रानावरून किंवा झुडपांवरून पोर्तुगालच्या उत्तरेकडील मिन्यू प्रांतात आणि त्याला लागून असलेल्या गालिसियात अनेक वाड्या-वस्त्यांना हे नाव पडले. इबेरियातील काही आडनावे पित्याच्या नावावरून बनली आहेत. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र. सिल्व्हा हे त्या वर्गातले नाही. ते स्थलवाचक आहे, आणि त्यामागील ‘दा’ हा प्रत्यय मराठीतील ‘-कर’ या प्रत्ययाचेच काम करतो. वडगाव नावाची गावे अनेक असल्यामुळे सर्व वडगावकर एका कुळातले ठरत नाहीत. ‘दा सिल्व्हा’ या नावाची गोष्ट याहून निराळी नाही.

अर्थात एक सिल्व्हा घराणे खरोखरच मातब्बर होते. मिन्यू नदीच्या काठी, व्हालेन्सा या तटबंदीच्या नगराजवळ, ‘तोर्र दा सिल्व्हा’ म्हणजे सिल्व्हाचा मनोरा हे त्यांचे मूळ ठाणे मानले जाते. चौदाव्या शतकात बार्सेलुशचा काउंट दोम पेद्रू याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वंशावळींच्या ग्रंथात या घराण्याची नोंद आहे. पुढच्या काळात वंशावळी लिहिणाऱ्यांना एवढ्याने समाधान वाटेना. ईनियसचा पुत्र सिल्व्हियस आणि आल्बा लाँगाचे पौराणिक राजे यांच्यापर्यंत या कुळाचे धागे नेण्यात आले. केवळ ध्वनिसाम्यावर उभारलेल्या या कल्पनेचे मराठी वाचकाला नवल वाटू नये. आपल्याकडील वंशावळकारांनीही सूर्यवंश आणि चंद्रवंश यांचे असेच उदार वाटप केलेले आहे. १६८५ साली लुईस दे सालाझार ई कास्त्रो या स्पॅनिश वंशशास्त्रज्ञाने या घराण्याचा विस्तृत इतिहास माद्रिदमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची एक शाखा स्पेनच्या दरबारात चांगलीच रुजलेली होती. पोर्तुगालमध्ये जन्मलेला रुई गोमेझ दे सिल्व्हा (१५१६–१५७३) हा दुसऱ्या फिलिपचा अत्यंत विश्वासू सल्लागार होता आणि एबोलीचा प्रिन्स या पदवीने तो ओळखला जाई.

परंतु नाव धारण केल्याने कुलीनता सिद्ध होत नसे, आणि हे त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही पक्के ठाऊक होते. सुप्रसिद्ध चित्रकार व्हेलाझ्केझ याचे पूर्ण नाव दिएगो रॉड्रिग्ज दे सिल्व्हा ई व्हेलाझ्केझ असे होते. त्याचे पितृकुल पोर्तुगालमधील पोर्तू नगराचे, आणि ‘व्हेलाझ्केझ’ हे त्याच्या आईचे आडनाव. सान्तियागोच्या सरदारमंडळात प्रवेश मिळावा म्हणून त्याने अर्ज केला तेव्हा साक्षी-पुराव्यांची दीर्घ चौकशी झाली, आणि ‘सिल्व्हा’ हे भारदस्त नाव असूनही त्याचे सरदारत्व सिद्ध झाले नाही, असा निर्णय मंडळाने दिला. अखेरीस पोपची खास सवलत आणि राजाची मर्जी यांच्या आधारे १६५९ साली त्याला प्रवेश मिळाला. सतराव्या शतकातच ‘सिल्व्हा’ हे नाव इतके सार्वत्रिक झाले होते की त्यावरून कोणाचीही परीक्षा करणे शक्य नव्हते.

ते असे सार्वत्रिक का झाले? पोर्तुगीज समाजात आडनावाच्या वापराला दीर्घकाळ कायद्याचे बंधन नव्हते. मुलाने आईचे, वडिलांचे, आजीचे किंवा बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षी राहिलेल्या धर्मपित्याचे नाव लावावे, आणि एकाच घरातील भावंडांनी भिन्न आडनावे लावावीत, हे सर्रास घडे. नागरी नोंदणी सर्वांना सक्तीची झाली ती राजेशाही संपल्यानंतर, १९११ साली. या सैल व्यवहारात जमीनदाराचे नाव त्याच्या कुळांकडे आणि धन्याचे नाव चाकरांकडे सहज येई. १४९७ मध्ये ज्यूंचे सक्तीने धर्मांतर झाले, तेव्हा या ‘नव्या ख्रिस्तींना’ जी आडनावे मिळाली ती कोणाचे लक्ष वेधणार नाहीत अशी सर्वसामान्यच होती. त्यांच्या वंशजांपैकी एक म्हणजे नाटककार आंतोनियु जोझे दा सिल्व्हा. रिओ दि जानेरो येथे १७०५ मध्ये जन्मलेल्या आणि लिस्बनमध्ये कळसूत्री बाहुल्यांच्या रंगभूमीसाठी विनोदी नाटके लिहिणाऱ्या या लेखकाला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने १७३९ साली देहान्त दिला. त्याच वर्षी, काही महिने आधी, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली होती. दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. पण ज्या वर्षी वसईच्या डिसिल्व्हांवरील पोर्तुगीज सत्ता संपली, त्याच वर्षी पोर्तुगालच्या राजधानीत एका सिल्व्हाला त्याचे ख्रिस्ती आडनाव वाचवू शकले नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

या आडनावाचा सर्वांत मोठा प्रसार ब्राझीलमध्ये झाला. तेथील मूळ रहिवाशांसाठी पोंबालच्या कारकिर्दीत १७५७ साली जी नियमावली जारी झाली, तीत इंडियनांना पोर्तुगीज कुटुंबांप्रमाणे आडनावे द्यावीत असा स्पष्ट आदेशच होता. गुलामांची स्थिती याहून वेगळी होती. नोंदींत त्यांना बहुधा केवळ पहिले नाव असे. आडनाव येई ते मुक्तीनंतर. पूर्वीच्या धन्याचे नाव, ‘दुस सान्तुस’ (संतांचा) यांसारखे एखादे भक्तिवाचक नाव, किंवा मग ‘दा सिल्व्हा’. हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या तिजुकू गावातील शिका दा सिल्व्हा हे याचे ठळक उदाहरण आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या या स्त्रीला हिऱ्यांचा मक्तेदार जुआंव फर्नांदिश दि ओलिव्हैरा याने १७५३ मध्ये मुक्त केले, आणि त्यानंतरच्या कागदपत्रांत ती ‘फ्रान्सिस्का दा सिल्व्हा’ म्हणून अवतरते. तिच्या मुक्तिदात्याचे नाव सिल्व्हा नव्हते. निश्चित कुलनाम नसलेल्या माणसाने घ्यावयाचे नाव, हाच ‘दा सिल्व्हा’चा तेथील अर्थ झाला होता. १७९६ साली ती वारली तेव्हा तिजुकूच्या प्रतिष्ठित, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या स्त्रियांत तिची गणना होत होती. पुढे तिच्याभोवती मोहक दंतकथांचे मोठे जाळे विणले गेले. १९७६ च्या प्रसिद्ध ब्राझिलियन चित्रपटानेही त्यात भरच घातली. तिचे आडनाव या दंतकथांहून अधिक बोलके आहे.

१८८८ साली ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली आणि पुढच्याच वर्षापासून जन्माची नागरी नोंदणी सुरू झाली. लाखो लोकांना कागदावर पूर्ण नाव असण्याची गरज एकाच वेळी निर्माण झाली, आणि जे नाव कोणाचेच खास नव्हते ते सर्वांचे झाले. २०२२ च्या जनगणनेनुसार ब्राझीलमध्ये सिल्व्हा आडनाव असणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी ४० लक्ष आहे, म्हणजे साधारणतः दर सहा माणसांमागे एक. ही संख्या पोर्तुगालच्या एकूण लोकसंख्येच्या तिपटीहून अधिक भरते. पेर्नांबुकूच्या कोरडवाहू अंतर्भागातील गरीब कुटुंबात १९४५ मध्ये जन्मलेले, पुढे यंत्रकामगार आणि कामगारनेते झालेले लुईस इनासियु लुला दा सिल्व्हा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा त्यांच्या आडनावातच सामान्य माणसाचे प्रतिनिधित्व पाहिले गेले. एबोलीच्या प्रिन्सचे आणि लुलांचे आडनाव एकच आहे. त्यावरून रक्ताचे नाते कोणीही जोडत नाही.

श्रीलंकेतील सिल्व्हांची कथा आणखी वेगळी आहे. पोर्तुगीज तेथे १५०५ मध्ये आले आणि १६५८ पर्यंत किनारपट्टीवरील त्यांची सत्ता पूर्णपणे डचांकडे गेली. दीडशे वर्षांत दिलेली नावे मात्र डचांनी आपल्या जमीनविषयक आणि शाळा-चर्चच्या नोंदवह्यांत जशीच्या तशी उतरवली. नोंदवही राहिली, त्यामुळे नावही राहिले, धर्म बदलला तरीसुद्धा. परेरा, फर्नांडो, सिल्व्हा आणि डी सिल्व्हा ही आज बौद्ध सिंहलींचीही अगदी नित्याची आडनावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंहली पुनरुत्थानाच्या चळवळीत काहींनी अशी नावे टाकून दिली. इतरांनी ती ठेवून चळवळ केली. नाटककार जॉन डी सिल्व्हा (१८५७–१९२२) हे दुसऱ्या वर्गातले. मुंबईच्या पारशी नाटकमंडळ्यांच्या प्रभावातून घडलेल्या ‘नूर्ती’ या नाट्यप्रकाराला त्यांनी वैभवाला नेले, हिंदुस्थानातून आलेल्या विश्वनाथ लावजी यांच्याकडून चाली बांधून घेतल्या, आणि पाश्चात्त्यांचे अंधानुकरण करणाऱ्या आपल्या समाजबांधवांवर नाटकांतून कोरडे ओढले. हे सर्व ‘डी सिल्व्हा’ या नावाने. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाहोरला नाबाद १०७ धावा काढणाऱ्या अरविंद डी सिल्व्हा यांचे नाव भारतीय वाचकाला परिचित आहेच. त्यात ‘अरविंद’ आणि ‘डी सिल्व्हा’ शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

भारतात हे नाव आले ते बाप्तिस्म्याच्या मार्गाने. सोळाव्या शतकात बार्देशात फ्रान्सिस्कन आणि साष्टीत जेझुइट पंथीयांनी धर्मांतरे घडवली, तेव्हा नवख्रिस्त्याला धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव मिळे. एकाच घरातील दोघांचा बाप्तिस्मा वेगवेगळ्या साक्षीदारांपुढे झाला की दोघांची आडनावे निराळी होत. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आलेल्या वसई प्रांतातही हेच घडले. तेथील सामवेदी ख्रिस्ती समाजाला ‘कुपारी’ म्हणतात. हा शब्द ‘कोंपाद्रे’ या पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानले जाते, आणि त्याचा अर्थ, बाप्तिस्म्याच्या संबंधाने जोडलेला सोयरा. आडनाव देणाऱ्या नात्याचेच नाव सबंध समाजाला मिळाले. आडनाव पोर्तुगीज, बोली मराठीची, लग्नसंबंध जुन्या जातिसमूहात, अशी ही घडण आहे. अशाच आडनावाच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

‘डिसिल्व्हा’ या रूपाकडेही येथे लक्ष वेधावयास हवे. पोर्तुगीज व्याकरणानुसार व्यंजनापूर्वी ‘दे’ किंवा ‘दा’ यातील स्वर गळत नाही. स्वरलोपचिन्ह घालून लिहिलेले डी-सिल्व्हा हे रूप लिस्बनमध्ये घडलेले नाही. ते इंग्रजी अमदानीतील मुंबई-मंगळूरकडच्या लेखनव्यवहारातले आहे. देवनागरीत ते एकजीव होऊन ‘डिसिल्व्हा’ झाले. पोर्तुगालच्या ग्रंथालयात हे नाव ‘स’ खाली शोधावे लागते, मराठी सूचीत ‘ड’ खाली. म्हणजे ज्या रूपावरून परदेशी मूळ गृहीत धरले जाते, ते रूपच मुळी या देशात घडलेले आहे.

या गृहीतकाचा व्यावहारिक फोलपणा पोर्तुगीज नागरिकत्वाच्या प्रश्नात दिसतो. १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना त्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा सांगता येतो. तेथे आडनाव नाईक आहे, कामत आहे की सिल्व्हा, याला महत्त्व नसते. उलट वसईतील डिसिल्व्हाला आपल्या आडनावाच्या बळावर असा कोणताही हक्क पोहोचत नाही, कारण त्याच्या गावावरील पोर्तुगीज अंमल १७३९ मध्येच संपला.

भारतात खरोखर पोर्तुगालहून आलेला सिल्व्हा शोधावयाचा तर किनारा सोडून राजस्थानात जावे लागते. सवाई जयसिंग यांनी १७२७ च्या सुमारास पोर्तुगालला एक शिष्टमंडळ पाठवले होते. ते परतले तेव्हा त्याच्याबरोबर खगोलविद्या आणि वैद्यक जाणणारा पेद्रू दा सिल्व्हा जयपूरला आला, आणि ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके जयपूरच्या ज्योतिषांपर्यंत पोहोचली. पेद्रू तेथेच स्थायिक झाला. त्याचे वंशज जयपुरात हकीम म्हणून नांदले. १९४१ साली राम बाबू सक्सेना यांनी उर्दू आणि फारसीत रचना करणाऱ्या युरोपीय व मिश्रवंशीय कवींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात डी सिल्व्हा आडनावाच्या कवींचाही समावेश होता. त्यांनी लिहिल्या त्या गझला, उर्दूत, रीतीप्रमाणे तखल्लुस घेऊन.