लांबच्या वाटेवरचं लेकरू

लहान मूल मांडीवर घेऊन लांबचा प्रवास करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं आहे त्याला सांगायला नको, आणि ज्यानं केलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. आज मी विमानातल्या मुलाविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्हां खेड्यातल्या माणसांना विमानाचं काय? पण आता तसं राहिलेलं नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी साता समुद्रापलीकडे जाऊन आलेली आजी आज पुष्कळ गावांत भेटते, आणि येताना किंवा जाताना नातवंड तिच्याच मांडीवर असतं.

मीही अशा प्रवासातून गेलो आहे. मी, माझी सून आणि दीड वर्षाचा नातू, असे आम्ही मुंबईहून लंडनला निघालो होतो. नऊ-दहा तासांचा प्रवास. पहिला तास बरा गेला. मग पोराला खाली उतरायचं होतं, आणि पट्टे बांधून बसण्याची सूचना झाली होती. त्यानं असा सूर लावला की पुढचे चार उतारू मान वळवून पाहू लागले. सून कानकोंडी झाली. मी सारी हयात मुलांना शिकवलेलं, पण त्या घटकेला मला काही सुचेना. त्या रात्री मनात आलं, आपल्या आज्या-पणज्यांनी वाटेवर मुलं कशी रमवली असतील?

बैलगाडीपासून सुरुवात करू. गाडी तासाला कोस-दीड कोस चालायची. पंढरपूर, जेजुरी, माहेर, सासर, सारी वाट याच गतीची. हाल होते, ऊन होतं, धूळ होती. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर एक मोठी सोय होती: गाडी थांबवता येत असे. पोर कंटाळलं की खाली उतरवावं, चार पावलं चालवावं, ओढ्यावर पाय बुडवू द्यावेत, झाडाला झोळी बांधून निजवावं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद वेगळाच. शिवाय गाडीत आजी असे, आत्या असे, दोनचार मोठी भावंडं असत. एका मुलाला आठ-दहा हात.

पुढे आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. आता थांबायचं कुठं ते गाडीच्या मर्जीवर गेलं. तरी मुलाला खिडकी मिळाली. खिडकीतून शेतं पळतात, म्हशी दिसतात, पूल येतो. लुगड्याची झोळी करून ती डब्यातच टांगणाऱ्या आयाबाया तर तुम्ही-आम्ही पाहिल्याच आहेत. गाडीच्या हेलकाव्यानं ती आपोआप झुलते.

आता आगबोटीकडे वळू, कारण इथं आपल्या देशातल्या बायकांचा एक इतिहास दडलेला आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि हिंदुस्थानातून विलायतेला जायला लागणारे महिने सरून आठवडे उरले. इंग्रज अंमलदारांची कुटुंबं रजेवर किंवा कायमची मायदेशी जात. पण दोन-तीन आठवडे बोटीवर मुलं सांभाळायची कुणी? मॅडमसाहेब बहुधा बोट लागून खोलीत पडलेल्या. म्हणून ही कुटुंबं बरोबर एक हिंदी बाई घेत. तिला म्हणत आया. मुंबई, कलकत्ता, मद्रास या बंदरांतून अशा शेकडो आया समुद्रापार गेल्या. मुलाला न्हाऊ-माखू घालायचं, भरवायचं, उलट्या काढायच्या, आणि दिवसभर रमवायचं. डेकवर फिरवायचं, लाटा दाखवायच्या, गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची. इंग्रजांची कितीतरी मुलं आपली हिंदी अंगाई ऐकतच विलायतेला पोचली. काही आया या कामात अशा तरबेज होत्या की तोच त्यांचा धंदा झाला. मिसेस अँथनी परेरा नावाच्या एका आयेनं ही समुद्रवाट ५४ वेळा केली, असं सांगतात.

पण बोट धक्क्याला लागली की या बाईचं काम संपे. काही कुटुंबं तिच्या परतीची सोय करीत. काही तर तिला तिथंच सोडून देत. परका मुलुख, कडाक्याची थंडी, जवळ पैसा नाही, भाषा पुरती येत नाही. ज्या हातांनी तीन आठवडे पराईं मुलं छातीशी धरली, त्याच हातांवर काम मागत फिरण्याची पाळी येई. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयांचं घर’ म्हणून एक आश्रयस्थान होतं. ते आधी ऑल्डगेट भागात होतं. १९०० साली हॅकनी भागात गेलं. लंडन सिटी मिशन ही ख्रिस्ती संस्था ते चालवी. हिंदुस्थानात येणारं एखादं कुटुंब गाठून, त्यांच्या मुलांची आया म्हणून या बाईला परत पाठवायचं, ही तिथली रीत. २०२२ साली हॅकनीमधल्या त्या घरावर स्मरणाची निळी पाटी बसली. बोटीच्या याद्यांत यांतल्या पुष्कळजणींचं स्वतःचं नावही नाही. अमक्या मॅडमची आया, एवढंच लिहिलेलं. म्हणजे लांबच्या प्रवासात मूल रमवणं हे किती मोलाचं काम आहे ते साऱ्यांना कळत होतं, पण ते करणारीचं मोल कुणी केलं नाही. शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

आता विमान. १९३२ साली जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला विमान आणलं, त्यात टपाल होतं, उतारू नव्हते. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचं विमान मुंबईहून ३५ उतारू घेऊन निघालं, आणि कैरो व जिनिव्हा करीत लंडनला पोचलं. तीन आठवड्यांची वाट दोन दिवसांच्या आत आली. आज ती एका रात्रीची आहे.

वेळ वाचला, पण मुलाचं काय झालं? थांबणं गेलं, डेक गेला, खिडकीबाहेर ढगांवाचून काही नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला बहुधा स्वतंत्र खुर्चीही नसते, आईची मांडी हेच त्याचं अंगण. शिवाय कानांचा त्रास. उंचावर हवा विरळ असते म्हणून विमानात हवा दाबून भरतात. तरी आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखीच असते. आपलं कळसूबाई साधारण ५४०० फुटांचं. म्हणजे बसल्या जागी मूल कळसूबाईच्याही वर जातं आणि उतरतं. उतरताना कान व घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडली नाही की कान दुखतो. अशा वेळी मुलाला पाजावं, किंवा घोट घोट पाणी द्यावं. गिळलं की नळी उघडते. तेव्हा मूल रडतं ते हट्टानं नव्हे, दुखण्यानं, हे शेजारच्यांनीही जाणावं.

विमान कंपन्यांनाही या प्रश्नाची जाण होती. १९३० साली अमेरिकेत एलन चर्च ही पहिली हवाई सेविका झाली, ती शिकलेली परिचारिका होती. पुढे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा आला. १९६१ पासून अमेरिकेच्या एका कंपनीनं विमानात नियमानं चित्रपट दाखवायला सुरुवात केली. आता तर प्रत्येक खुर्चीमागे पडदा, आणि खिशात मोबाईल. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे की, वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक नको. दहा तासांच्या वाटेला हा उपाय पुरणार कसा?

याचं उत्तर मला आपल्या जवळच, बोर्डी आणि कोसबाडला सापडतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम उभारलं. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, हीच साधनं केली. मुलाला करमणूक नको असते, हाताला काम हवं असतं, ही त्यांची शिकवण. झाकण उघडणं-लावणं, डबीत मणी टाकणं, चिंधीची गाठ सोडणं, यात लहान मूल गढून जातं. मात्र तोंडात जाऊन घशात अडकेल अशी वस्तू फार लहान मुलाजवळ नसावी, एवढी काळजी घ्यावी. पिशवीतून एका वेळी एकच वस्तू काढावी. ती सरली की दुसरी. सारी खेळणी एकदम ओतली, तर घटकाभरात सगळीच जुनी होतात.

आता माझ्या नातवाची गोष्ट पुरी करतो. तो रडत होता, तेवढ्यात पलीकडच्या ओळीतल्या एक बाई उठल्या. नऊवारी नेसलेल्या, सातारकडच्या. म्हणाल्या, “आणा हिकडं लेकराला.” त्यांनी कमरेचा रुमाल काढला, चार घड्या घातल्या, गाठ मारली, आणि उंदीर केला. तो हातावर ठेवून बोटानं असा उडवला की पोर रडायचं विसरून बघतच राहिलं. मग हसलं. मग तो उंदीर स्वतःच्या हातानं उडवायला पाहू लागलं. पाऊण तास तेच चाललं. नंतर त्यांच्याच खांद्यावर झोपलं. सुनेचे डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, “अगं, लेकरू काय एकटीनं सांभाळायचं असतंय व्हय?”

श्रोतेहो, मला वाटतं या साऱ्या इतिहासाचं सार त्या वाक्यात आहे. वाहनं बदलली, वेग वाढला, आणि मुलाभोवतीचे हात मात्र कमी होत गेले. गाडीत दहा होते, बोटीवर पगारी दोन होते, विमानात एकट्या आईचे उरले. वाढवायचे ते हात वाढवायला हवेत. पुढच्या खेपेला एस.टी.त, आगगाडीत किंवा विमानात एखादं पोर रडू लागलं, तर कपाळाला आठी घालू नका. आधी खिशातला रुमाल काढा.